आंजीवाल्याची सीट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही. नागपुरात जिच्यासोबत खोली घेऊन राहते, जिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे, त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? खरं तर मलाही नीट कळत नाही. कदाचित तुम्ही माझा चेहरा पाहिलेला नाही म्हणून.

थोडं मागून सुरू करावं लागेल. मला गाड्यांच्या शर्यतींचं वेड आहे — फॉर्म्युला रेसिंगचं. माझ्यासारख्या मुलीला हे वेड कुठून लागलं, असं लोक विचारतात. माझ्यासारख्या म्हणजे सिंदी रेल्वे नावाच्या लहान गावातली, हार्डवेअरच्या दुकानदाराची मुलगी. कॉलेजात असताना टीव्हीवर एकदा एक शर्यत दिसली आणि मी उठलेच नाही, एवढंच आठवतं.

बाबा आधी नुसते शेजारी येऊन बसायचे. रविवारी संध्याकाळी दुकान लवकर बंद करून, हाताला रंगाच्या डब्यांचा वास घेऊन. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "हे लोक जाऊन कुठं राह्यले?"

"कुठंच नाई बाबा. गोल गोल."

"मंग एवढी घाई काऊन?"

मी इतकी हसले होते की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पण बाबा उठून गेले नाहीत. पुढच्या रविवारी आले, त्याच्या पुढच्याही. टायर का बदलतात, पिवळा झेंडा का दाखवतात — प्रश्नावर प्रश्न. ड्रायव्हरांची विलायती नावं जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी स्वतःची नावं ठेवली. एक होता 'रडका', एक 'सावकार'. आणि एक वयाने मोठा, कपाळ रुंद झालेला, चहात साखर कमी पडल्यासारखं तोंड करून बसणारा ड्रायव्हर होता. तो हुबेहूब आंजी गावात दिलेल्या माझ्या आत्याच्या यजमानांसारखा दिसायचा. त्याचं नाव पडलं 'आंजीवाला'. बाबांचा तो लाडका. तो मागे पडला की बाबा उशी मांडीवर घट्ट धरून बसायचे.

मग मला नागपूरला नोकरी लागली. तिथे मी मोबाइलवर शर्यतींच्या मराठी चाहत्यांच्या एका ग्रुपमध्ये शिरले; त्या अ‍ॅपवर कुणाचा नंबर दिसत नसे, फक्त घेतलेलं नाव. पुण्याचे, मुंबईचे, नाशिकचे लोक होते, दोघंतिघं परदेशातले. मी खरं नाव लावलं नाही. 'पिटवाला' असं नाव घेतलं — शर्यतीत गाडी थांबवून टायर बदलतात ती जागा म्हणजे पिट. सगळ्यांना मी पुरुष वाटायचे आणि मी तसं वाटू दिलं.

शर्यतींच्या या जगात खरी मजा शर्यतीपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीत असते. प्रत्येक टीमकडे दोन गाड्या, म्हणजे दोनच सीटा. कुणाचा करार संपतोय, कुणाला काढणार, पुढच्या सीझनला कोण कोणत्या गाडीत बसणार — यावर जगभर अंदाज लावले जातात. मी त्यात चांगली होते. बातम्या बारकाईने वाचायचे, कुणाच्या बोलण्यातून काय सुटलं ते पकडायचे. माझे अंदाज बरेचदा खरे निघायचे. "पिटवाला काय म्हणतो?" असं लोक विचारायचे. ऑफिसात मला कोण असं विचारत होतं?

आणि मी तिथे फार शुद्ध लिहायचे. हे सांगायलाच हवं. एकदा अमरावतीच्या एका सभासदाने 'करून राह्यला' असं लिहिलं, त्यावर ग्रुप हसला. मीही हसणारा चेहरा टाकला. त्या दिवसापासून पाठवण्याआधी मी माझं वाक्य दोनदा वाचायचे. कुठे 'मले' तर नाही ना सुटलं?

आता जवळ आलेच आहे, तर थांबायला नको.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. पुढच्या सीझनच्या अंदाजांना ऊत आला होता. आंजीवाल्याचा हिरव्या गाडीच्या टीमशी असलेला करार संपत होता, त्याला सीट मिळणार की नाही यावर ग्रुपमध्ये रोज वाद. दुपारी मी ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवत असताना एका नव्या सभासदाचा लांबलचक मेसेज आला.

"नमस्कार मंडळी. मी सिंदी रेल्वेचा. मले या खेळातलं थोडंसंच समजते. पण माया मते हिरव्या गाडीवाल्याइनं या मोठ्या ड्रायव्हरले काढू नये. नवा पोरगा जोरात चालवते, पण गाडी सांभाळाले घरात एक मोठं माणूस पाह्यजे. दुकानात बी दोघंही नवे ठेवले तं गिऱ्हाईक वापस जाते. चुकलं असन तं सांगजा."

खाली बाकीच्या टीमचेही अंदाज होते. ड्रायव्हरांची नावं कुठूनतरी बघून, एकेक अक्षर जपून लिहिलेली. काही चुकलेली.

नावाशेजारी फोटो होता. दुकानाच्या पाटीखाली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे असलेले बाबा. तो फोटो मीच काढला होता.

मी ओळखलं नाही, असं म्हणायची सोय नाही. मी ओळखलं. घास हातात होता. आणि पहिलं काय मनात आलं? आनंद? बाबांनी एवढं सगळं लिहिलं, एकट्याने, याचं कौतुक? नाही. आधी भीती आली — हे लोक उद्या सिंदीचा माणूस आणि पिटवाला यांचा संबंध जोडतील. मग लाज आली. बाबांची लाज. तेवढ्यात पुण्याच्या एकाने विचारलं, "हे कोण महाशय?" आणि सगळे पिटवाल्याची वाट बघू लागले, असं मला वाटलं. खरंच बघत होते का? कुणास ठाऊक.

मी लिहिलं — "काका, त्याला काढणारच. इथे ड्रायव्हर निवडतात, दुकानात नोकर ठेवत नाहीत. आधी मराठी शिका, मग रेसिंग."

दोनदा वाचलं आणि पाठवलं.

ग्रुप खदखदून हसला. थोड्याच वेळात कुणीतरी बाबांच्या फोटोचं स्टिकर केलं, खाली लिहिलं, 'घरात एक मोठं माणूस पाह्यजे'. ते फिरत राहिलं. बाबांचं उत्तर आलं, "माफ करजा. शिकून राह्यलो." त्यानंतर ते ग्रुपमधून बाहेर पडले. मी डबा धुतला आणि कामाला बसले. हो, त्या दुपारी मी काम केलं. नेहमीसारखं.

त्या शनिवारी मी घरी गेले. रविवारी संध्याकाळी टीव्ही लावला. बाबा आले नाहीत. अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते, सकाळचाच पेपर.

"बाबा, रेस सुरू होऊन राह्यली."

"तू पाय बेटा. आपल्यासाठी नाई ते. हुशार लोकायचं काम आहे."

मी बाहेर जाऊन उभी राहिले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आई ऐकत नाही ना म्हणून, आणि फोन काढून मला ते स्टिकर दाखवलं. शेजारच्या मेडिकलवाल्याने त्यांना ग्रुपमध्ये घातलं होतं म्हणे. "तुले सांगणार नोयतो. म्हटलं, लोकायले आवडलं तं मंग दाखवू." मग पिटवाल्याच्या मेसेजवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "तू पाय बरं. मी काई वाकडं लिहिलं काय?"

इथे मी बोलू शकत होते. ते रागावले असते का? मला नाही वाटत. ते हसले असते, "अरे बाप्पा, तू होती काय ते!" असं म्हणाले असते, आणि नंतर एकटे असताना त्यांना लागलं असतं. पण निदान कुणी मारलं हे तरी कळलं असतं.

मी म्हणाले, "नाई बाबा. लोक असेच असतात. लक्ष नका देऊ."

बाबांनी मान हलवली. "पण हा पोरगा लय माहितगार दिसते," ते म्हणाले. "त्याचं बरोबरच असन."

त्यांनी त्याच्यावर राग धरला नाही. मी आत गेले आणि शर्यत पाहिली. कोण जिंकलं ते आठवत नाही.

पुढे हिरव्या गाडीवाल्यांनी आंजीवाल्याला काढलं. दुसऱ्या कुणी घेतलं नाही. मी तसंच म्हटलं होतं. ग्रुपमध्ये माझं अभिनंदन झालं. बातमी बाबांपर्यंतही पोचली, त्यांनी मुद्दाम फोन केला. "त्या पोराचं खरं निघालं पाय," म्हणाले. आवाजात जराही कडूपणा नव्हता. आपल्या माणसाची नोकरी गेल्यासारखे थोडे उदास होते, एवढंच.

मी ग्रुप सोडला का? नाही. मधे काही आठवडे गप्प राहिले, मग पुन्हा लिहू लागले. ते स्टिकर अजूनही कधीतरी कुणी टाकतं. टाकणाऱ्यांना आता मूळ माणूस आठवतही नाही. मी एकदाही म्हटलं नाही की हे थांबवा. तेवढं तर नाव न सांगताही म्हणता आलं असतं.

बाबा आता पुन्हा कधीकधी टीव्हीसमोर बसतात, मी घरी असले की. माझ्यासाठी बसतात, हे कळतं. विचारत काहीच नाहीत. टायर बदलले, झेंडा दाखवला, कुणी कुणाला धडकलं — ते पाहत राहतात, आणि मी त्यांच्याकडे पाहिलं की हसतात.

मागच्या खेपेला जेवताना मीच विषय काढला. पुढच्या सीझनची चर्चा पुन्हा तापली आहे, दोन सीटा रिकाम्या आहेत. मी विचारलं, "बाबा, तुम्हाले काय वाटते? कोण बसन?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. जरा वेळ खरंच विचार करत होते, मला दिसलं ते. ओठ हलले. मग म्हणाले, "मले काय समजते बेटा त्याच्यातलं. तूच सांग."

आई वाढत होती. बाबा माझ्याकडे बघत होते, ऐकायला तयार होऊन. माझ्या तोंडाशी ते वाक्य आलं होतं — बाबा, तो पोरगा मी होते. छोटंसं वाक्य आहे.

मी त्यांना पुढच्या सीझनबद्दल सांगू लागले. कोणत्या टीममध्ये कोण, कुणाचा करार कधी संपतो, का. बाबा मान हलवत होते. मी जेवण संपेपर्यंत सांगत राहिले.