हिरवागार हरभरा आणि कोरी मुळं

हरभऱ्याचं झाड उपटलं, माती झटकली आणि मी हादरलेच. मुळांवर एकही गाठ नव्हती. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. तेच.

मी कृषी सहायक, जानेफळकडची गावं माझ्याकडे. हरभरा, तूर अशा पिकांच्या मुळांवर बारीक गाठी धरतात. त्यातले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात, युरियाचं काम फुकटात होतं. इथे गजाननच्या शेतात गाठी नाहीत, तरी पीक असं माजलेलं की खाली माती दिसेना.

"गजाननभाऊ, टाकलं काय तुम्ही?"

"कोंबडीखत, मॅडम. दोस्ताची पोल्ट्री हाय. ट्रॉल्याच्या ट्रॉल्या आनल्या."

"कुजवलेलं?"

"नाई, ताजंच. तुमीच म्हनल्या नं, रासायनिक बंद करा, सेंद्रिय टाका?"

सल्ला माझाच होता, पण अर्धवट. कोंबडीखतात नत्र ठासून भरलेला. मुळांना आयतं मिळालं की गाठी कशाला धरतील? सगळा जोर पाल्यात जातो आणि घाटे, म्हणजे दाण्याच्या शेंगा, नावापुरते लागतात.

बांधावर गजाननचे वडील उभे होते. मुलाच्या हट्टापायी त्यांनी यंदा पूर्ण वावर त्याच्या हवाली केलं होतं. "घाटे नाई लागले तं पुढच्या साली वावर माह्या हातात," ते म्हणाले. "सालभर पाला खाशीन काय बे?"

गजानन उपटलेलं झाड उलटंपालटं करून मुळं पाहू लागला. मला त्याची कीव आली आणि रागही आला. तेवढ्यात तालुक्याहून साहेबांचा फोन. याच वावरात शिवारफेरी, म्हणजे साहेब आणि शेतकऱ्यांची पीकपाहणी, ठरली होती.

"प्लॉट कसा आहे?"

"हिरवागार आहे, सर. तोच प्रॉब्लेम आहे."

नशीब, फुलं आली नव्हती. मी पाणी बंद करायला लावलं आणि म्हटलं, "शेंडे खुडा." शेंडा खुडला की झाडाची उंची थांबते, बाजूला फांद्या फुटतात आणि घाटे वाढतात. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया ओट्या बांधून वावरात उतरल्या. हरभऱ्याच्या आंबेनं, पानांवरच्या त्या आंबट रसानं, बोटं चुरचुरली, पण घरोघरी हरभऱ्याची भाजी शिजली. गजाननच्या वडिलांनीही दोनदा मागून घेतली.

शिवारफेरी आम्ही दुसऱ्याच्या वावरात नेली.

घाटे लागले. शेजाऱ्याइतके नाही, पण लागले. आता सभेत मी नुसतं 'सेंद्रिय टाका' म्हणत नाही. काय, किती आणि कुजलेलं का, तेही सांगते. शेणाचं असो की कोंबडीचं, हरभऱ्याला भरपेट खाऊ घालायचं नसतं.

मळणीच्या दिवशी वडिलांनी मूठभर दाणे हातात घेऊन बराच वेळ पाहिले.

"वावर राहू दे तुह्याकडंच," ते गजाननला म्हणाले. "पन खत टाकाच्या आंधी या बाईले इचारत जाय."