आबांचं बोडकं डोकं

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोडक्या डोक्यानं पाहिलेली माणसं गावात फार थोडी. गुळाच्या बाजारात त्यांची अडत होती. बाजारात काय नि घरात काय, डोक्याला फेटा असायचाच. माझा भाऊ लहानपणी टोपी न घालता बाहेर निघाला की आबा आतूनच गर्जायचे, "बोडक्यानं कुठं निघालास रं? घरात कोण मेलंय व्हय?" आमच्याकडं बाप्या माणसाचं डोकं उघडं पडायचं ते मयताच्या दिवशी. पोरासोरांनाही हे ठाऊक होतं. पण दवाखान्याची पायरी चढलो आणि आम्ही सगळे ते साफ विसरलो.

संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. आबा सत्तरीला टेकले होते. अंतर्गळाचा, म्हणजे हर्नियाचा, त्रास बळावला आणि ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांचा हात चांगला होता, त्यांनी त्यांचं काम चोख केलं. बिघडलं ते पुढं, खाटेवर. ऑपरेशनला नेताना फेटा, कोट, धोतर सगळं काढून घेऊन, गाठोडं बांधून कोठीत टाकलं होतं. काढून घ्यायचा नियम होता, परत कधी द्यायचं ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

क्लोरोफॉर्मची धुंदी उतरली तसे आबा सारखे डोकं चाचपायला लागले, उठू बघायला लागले. टाके तुटतील म्हणून नर्सनं त्यांचा हात बँडेजच्या पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधून टाकला. पाण्याचा पेला हात पोचणार नाही अशा स्टुलावर. पेज यायची, निवायची, तशीच परत जायची. चादर बदलायला कुणाला सवड नाही, पडून पडून पाठ लाल झालेली. त्या लांबलचक हॉलला एकच नर्स होती, मिरजेकडची, तोंडानं फटकळ. मीही काही गरीब गाय नव्हते. मी मंगळवार पेठेतल्या माझ्या सासरहून रोज संध्याकाळी यायची आणि आमची दोघींची जुंपायची.

आईला मात्र दवाखान्यात आणायचं नाही असं भावानं ठरवून टाकलं होतं. तिचे गुडघे धरलेले, शिवाय ती रडून गोंधळ घालील ही भीती. ती घरी बसून रोज विचारायची, "जेवलं का?" आणि आम्ही खुशाल सांगायचो, जेवले म्हणून.

जेवत कुठले! ज्यांची हाक अख्ख्या बाजारात ऐकू जायची ते आबा पुटपुटायला लागले. "चूल कुणी पेटवली?" असं मध्येच विचारायचे. दूध पुढं केलं की भिंतीकडं तोंड करायचे. गाल आत गेले, ओठांना भेगा पडल्या. "वय झालं की होतो असा भ्रम," नर्स म्हणाली. डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं की जखम भरतेय, पण अन्न असंच बंद राहिलं तर माणूस हाती लागणार नाही. भाऊ बाहेर येऊन ढसाढसा रडला. मला रडू आलं नाही, संताप आला. सगळ्यांचाच.

दुसऱ्या दिवशी मी शिरा करून नेला. आबांचा जीव शिऱ्यावर. साजूक तुपातला, वेलची घातलेला. डबा उघडून चमचा त्यांच्या तोंडाशी नेला तर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की माझा हात तिथंच थांबला.

"सुतकात शिरा आणतीस व्हय गं?" ते म्हणाले. आवाज खोल गेलेला, पण शब्द अगदी स्वच्छ.

"कुणाचं सुतक, आबा?"

"डोकं बघ की माझं." त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "तुझी आई गेली. समदी येत्यात, ती तेवढी येत न्हाय. आन् मला कुणी सांगंना झालंय."

मी डबा खाली ठेवला. किती दिवस हा माणूस एकटा पडून बायकोचं सुतक पाळत होता, आणि आम्ही शहाणे त्याला भ्रम म्हणत होतो! आई घरी धडधाकट आहे म्हणून मी शपथेवर सांगितलं. आबांनी डोळे मिटले. "आजारी माणसाला असंच सांगत्यात," म्हणाले. "मी बी सांगितलंय कैकांना."

मग मी तिथं थांबलेच नाही. टांगा केला, घर गाठलं. आईला एवढंच म्हटलं, "चल, तू मेलीस असं आबांना वाटतंय." तिनं गुडघ्यांचं नावही काढलं नाही. ट्रंकेतून त्यांचा दुसरा, गुलाबी फेटा काढून पदराखाली घेतला आणि टांग्यात चढली.

दारात नर्स आडवी आली. भेटीची वेळ संपली होती. मी भांडणाच्याच तयारीत होते, पण आईनं पदराखालचा फेटा तिला दाखवला आणि सगळं सांगितलं. नर्स ऐकत राहिली. मग पुढं गेली आणि आबांच्या हाताची पट्टी तिनं स्वतः सोडली. मनगटावर वळ उठला होता, त्यावरून तिनं अंगठा फिरवला. त्या दवाखान्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्या बाईवरचा मात्र त्याच घटकेला गेला. नंतर तिनं आबांची पाठ रोज पुसली, पावडर लावली, त्यांना धरून चालवलं. मी तिचे उपकार मानते. तिच्या दिमतीला आणखी एक माणूस असतं तर ती पहिल्या दिवसापासून तशीच वागली असती.

आई खाटेशी उभी राहिली आणि सगळा हॉल ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "अवं, कवा मारलासा मला?"

आबांनी डोळे उघडले. मग हात पुढं करून तिच्या बांगड्या चाचपल्या. आईनं फेटा उलगडला. नर्सनं नि मी त्यांना धरून बसतं केलं. फेटा त्यांनी स्वतःच बांधला आणि दुसरं टोक आईनं ताणून धरलं, रोज सकाळी धरायची तसंच. बांधून झाल्यावर शेजारच्या खाटेकडं वळून आबा म्हणाले, "पावणं, ही आमची मालकीण. जित्ती हाय!" आणि मला म्हणाले, "आण तो शिरा."

आबा चालत घरी आले, पुढं कैक वर्षं बाजारात गेले. माहेरी मुक्कामाला असले की मी सकाळी मुद्दाम दाराआड उभी राहायची. आबा फेट्याचे वेढे घेत असायचे. आई दुसरं टोक धरून उभी असायची, आणि मध्येच त्याला हिसका देऊन विचारायची, "हाय का मी?"

"हायस की," आबा म्हणायचे.