गाडीचा उंबरठा

लाल स्पोर्ट्स कारच्या दाराखालची पट्टी बुटांनी घासून गेली होती. ती बदलणं हे मोडलेला हात बरा झाल्यावर शकूताईंचं गॅरेजमधलं पहिलंच काम.

"ताई, हात अजून पुरता वळत नाही. रंग निघेल हं," मालक म्हणाला.

"मग तुम्ही तिकडे बघा."

हेअर ड्रायरने गोंद मऊ करून त्यांनी मागून दोरा ओढत जुनी पट्टी सोडवली. रंग शाबूत राहिला. नवी पट्टी एकदाच चिकटते, चुकली की गेली. ती पहिल्याच दाबात सरळ बसली.

घराच्या उंबरठ्यावर पाय न देणारी माणसं गाडीच्या उंबरठ्यावर खुशाल बूट घासतात. शकूताईंनी पट्टीवर कुंकवाचं बोट ओढलं. मालकाने उचललेला पाय मागे घेतला, बूट काढून हातात धरले आणि पट्टीला न शिवता तो आत बसला.