सोळाला एक

रांझीच्या वस्तीत शालिग्राम वैरागडे कुठं राहतो असं कोणी विचारलं, तर पानठेल्यावरची माणसं आधी एकमेकांकडं पाहून हसायची आणि मग म्हणायची, "कौन, सूखा पेट्रोल? तीसरी लाइन, नीम के सामने." त्याचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर तेवढं उरलं होतं. बायको नर्मदा त्या ठेल्यावरून जाताना पदर आवळून घ्यायची आणि घरी आल्यावर त्यातलं अक्षर बोलायची नाही. त्यानं ते सगळं आधीच ऐकलेलं असायचं.

ज्या माणसानं उभ्या जन्मात यंत्रात थेंबभर कोरडं पेट्रोल ओतलं नाही, त्याला हे नाव चिकटावं? मला तर अजून संताप येतो. कसं झालं ते सांगतो, तुम्हीच ठरवा.

शालिग्राम आर्वीकडचा, सातवी पास. सत्तावन्न साली चिंतामणी डोरले यांनी त्याला जबलपूरला आणून एका सरकारी कारखान्याच्या लाकूड-यार्डात चिकटवलं. चिंतामणीभाऊ त्याच्याच गावचे, आणि यार्डाचे फोरमन. यार्डात साल-सागाचे ओंडके यायचे, आणि त्यांची खोकी बनून तोफगोळे भरायला जायची. दिवाळीला नर्मदा अनारशांचा पहिला डबा भाऊजींच्या घरी पाठवी. नवऱ्याची भाकरी कोणाच्या हातून आली हे ती विसरत नव्हती, आणि भाऊजीही कोणाला विसरू देत नव्हते.

चीनच्या लढाईनंतर, त्रेसष्ट साली, यार्डात परदेशातली दोन खोकी आली. आत काय आहे ते कोणाला कळेना. एक म्हणाला पाण्याचा पंप आहे, दुसरा म्हणाला शेतात औषध फवारायचं काही असेल. सोबतचं पुस्तक इंग्रजीत. शालिग्रामनं दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत नुसती चित्रं पाहिली, भाग जुळवले, आणि तिसऱ्या दिवशी दोरी ओढली तेव्हा अख्खा यार्ड मागं सरकला. तो पेट्रोलवर चालणारा आरा होता. दोन माणसं जो ओंडका करवतीनं तासभर रेटत, तो ह्यानं पाच-सात मिनिटांत कापला.

दोन आरे, दोन पितळी पट्ट्या. नंबर एक आणि नंबर दोन. पट्ट्या शालिग्रामनंच चार-चार रिबिटांनी ठोकल्या. कारखान्यात वस्तूला तोंड नसतं, नंबर असतो. रजिस्टरात जे लिहिलं ते खरं. शालिग्रामला मात्र पट्टीची गरज पडत नसे. पहिल्याच महिन्यात त्याची कानस घसरून एक नंबरच्या मुठीखाली एक तिरपा ओरखडा पडला होता. त्याला त्याचं इतकं वाईट वाटलं की त्या वर्षी खंडेनवमीला त्यानं त्या ओरखड्यातच कुंकू भरलं. पुढं दरवर्षी भरलं. तेल आणि कुंकू मिळून तिथं असं काही बसलं, की घासूनही निघेना.

आणि त्याचा नेम काय सांगावा. सोळा मापं पेट्रोल, एक माप तेल. ह्या जातीच्या इंजिनाला तेलाचं वेगळं भांडं नसतं. पेट्रोलात मिसळलेलं तेल हेच त्याचं वंगण. ते नसलं तर आतला दट्ट्या तापतो, नळीला घासतो आणि जागच्या जागी चिकटतो. म्हणून सोळाला एक. डबा आधी हलवायचा, मग ओतायचा, तोही इंजिन थंड झाल्यावर. साखळीच्या दर दाताला गोल कानशीचे तीन हात, एकाच दिशेनं. हवेची जाळी दर शनिवारी धुवायची. नव्या माणसाला तो हे इतक्या वेळा ऐकवी, की लोक त्याला तोंडावर म्हणत, "वैरागडे जी, चाय में भी सोलह को एक डालते हो क्या?" त्याला ही थट्टा आवडायची.

अडुसष्टच्या पावसाळ्यात नंबर दोन मेला. आतलं बेअरिंग फुटलं, त्याचे तुकडे दट्ट्यात अडकले, आणि सुटे भाग काही येईनात. एकोणसत्तर साली त्याला भंगारात काढायचा हुकूम निघाला. लिलावात शहपुऱ्याच्या एका लाकूड ठेकेदारानं तो घेतला. मेलेलं यंत्र कोणी बोली लावून काहून घेईल, हे शालिग्रामला एका शनिवारी कळलं.

अर्ध्या दिवसाचा भोंगा झाला होता, यार्ड रिकामा होता. चिंतामणीभाऊ आले, ओंडक्यावर बसले आणि म्हणाले, "शालिग्राम, पट्ट्या बदलून दे बरं."

"कोणत्या पट्ट्या, भाऊ?"

"तुले समजून राहिलं. एकची दोनवर, दोनची एकवर."

शालिग्रामनं हातातली कानस खाली ठेवली. भाऊ मग मऊ आवाजात बोलायला लागले. "आता बिजलीची मोठी मशीन आली. तुझ्या आऱ्याले कोण विचारते? इथं सडून जाईल तो. तिकडं जंगलात चालंल तरी. आणि क्वार्टरच्या यादीत तुझं नाव वर घेतलं मी. वहिनीले अजून किती दिवस महाराजपूरच्या त्या खोलीत ठेवशील?"

त्या खोलीत पावसाळाभर भिंतीला ओल असायची आणि नर्मदेचा खोकला दिवाळीपर्यंत जात नसे. पण खरं सांगायचं तर शालिग्राम क्वार्टरपेक्षा जंगलाच्या त्या वाक्याला भुलला. आरा चालेल. गंजून मरणार नाही. त्यानं आठ रिबिटं तोडली आणि आठ नवी ठोकली. ठेकेदाराच्या माणसाला त्यानं तेलाच्या दोन मापांपैकी एक दिलं आणि सोळाला एक हे तीनदा बजावलं. तो माणूस "हाँ हाँ" म्हणत निघून गेला.

महिनाभरात क्वार्टर मिळालं. नर्मदेनं दारात तुळस लावली. इकडं स्टोरात नंबर एकची पट्टी लावलेलं मढं फडक्याखाली पडून होतं, आणि दर सहा महिन्यांनी रजिस्टरात त्याच्यापुढं शालिग्रामची सही पडत होती: आरा चालू स्थितीत.

एकाहत्तरचा डिसेंबर आला. बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या, खिडक्यांच्या काचांना काळा कागद लागला. माल लादायला रुळांची नवी फांदी टाकायची होती आणि मध्ये मोहाची, साजाची चाळीस झाडं उभी होती. वरून हुकूम आला, दोन दिवसांत साफ. नव्या साहेबानं रजिस्टर उघडलं आणि म्हटलं, "नंबर एक निकालो."

शालिग्रामनं फडकं काढलं. साहेबासमोर दोरी ओढली. दोरी जागची हलली नाही.

झाडं मग कुऱ्हाडींनी पाडली, आणि दोनाचे पाच दिवस लागले. लढाई चालू असताना तीन दिवस वाया गेले म्हटल्यावर चौकशी बसली. चालू यंत्र बंद कसं पडलं? आणि चौकशीत साहेबाच्या शेजारी खुर्चीवर कोण? यार्डाचे फोरमन म्हणून आपले चिंतामणीभाऊ.

आदल्या संध्याकाळी भाऊ त्याच क्वार्टरात येऊन चहा प्यायले होते. लिहून आणलेला कागद त्यांनी चहाच्या कपाशेजारी ठेवला. त्यात होतं: नोव्हेंबरात चालवून पाहताना माझ्याकडून चुकून तेलाशिवाय पेट्रोल भरलं गेलं, इंजिन जाम झालं, भीतीपोटी मी कळवलं नाही. खाली सहीपुरती जागा.

"हे मी कसं लिहू?" शालिग्राम म्हणाला. "भाऊ, दुसरं काहीबी लिवा. पडला म्हणा, आपटला म्हणा. हे नोका लिवू."

"दुसरं काही लिहिलं त साहेब खोलून पाहील, अन् आत दोन नंबरचं फुटकं बेअरिंग सापडंल. हे वाचलं की पाहणार नाही, पुस्तकातच आहे तसं. एक इंक्रिमेंट जाईल, बस. आणि खरं सांगायचं असंल त सांग. लढाईच्या टायमाले निघंल, का सरकारी माल बाहेर घातला. पट्टी कोणी ठोकली? सह्या कोणाच्या आहेत? माझं नाव कुठं दिसते का तुले?"

नर्मदा दारात उभी होती. ती म्हणाली, "भाऊजी, चोर म्हटलं तरी चालंल, पण यायले अडाणी नोका म्हणू." भाऊंनी तिच्याकडं पाहिलंही नाही.

चोर म्हटलेलं मात्र चालणार नव्हतं, हे शालिग्रामला कळत होतं. नोकरी जाणार, क्वार्टर जाणार, वर तुरुंग. त्यानं सही केली. आयुष्यात न केलेली एकच चूक निवडून त्याच्या नावावर लावली होती, आणि खाली अक्षर त्याचंच होतं.

पुढं तर कडेलोट झाला. साहेबानं धडा म्हणून ती गोष्ट शिकाऊ उमेदवारांच्या वर्गात सांगायला लावली. यार्डाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं, 'मशीन में सूखा पेट्रोल न डालें.' ती अक्षरं रंगवली जाताना शिडी धरायला शालिग्रामलाच उभं केलं. मग नंबर एक म्हणून ते मढं भंगारात निघालं. साहेबाच्या नव्या नियमाप्रमाणं त्यानं टाकी निथळली, साखळी उतरवली, पट्टी काढून स्टोरात जमा केली आणि घणानं यंत्र फोडलं. बघायला बरेच जण जमले होते. त्र्याहत्तरला चिंतामणीभाऊ हार, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन निवृत्त झाले आणि नागपूरला गेले. निरोपाच्या भाषणात त्यांनी सांगितलं, की गावाकडच्या गरीब पोरांना मी हाताला धरून इथं आणलं.

चौऱ्याहत्तर साली एका रविवारी सकाळी शहपुऱ्याच्या बसनं एक माणूस दारात आला. खांद्यावर पोतं. "आप ही हो न, वो पेट्रोल वाले? रांझी में बोले, इस मशीन को आप ही जानते हो." पोत्यातून त्यानं आरा काढून अंगणात ठेवला. त्यावर दोन नंबरची पट्टी होती.

शालिग्रामनं तो उलटा केला. मुठीखाली तिरपा ओरखडा, आणि त्यात काळपट लाल कुंकू. त्यानं दोरी ओढली, ती हलली नाही. टाकीचं झाकण उघडून बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं. बोट गार पडलं आणि क्षणात कोरडं झालं, ओशटपणा मुळीच नाही. धूर निघायचं भोक उघडून आत पाहिलं तर दट्ट्यावर उभे ओरखडे, नळीला घट्ट चिकटलेला.

"तेल डालते थे?" त्यानं विचारलं.

"पुराना आदमी डालता था, वो चला गया. मालिक बोले पेट्रोल की मशीन है, पेट्रोल डालो." माणसानं आऱ्याला पायानं ढोसलं. "बनेगा?"

"नहीं."

"तो रख लो भैया, कबाड़ी को दे देना. वापस कौन ढोएगा." आणि तो रिकामं पोतं झटकून बस पकडायला गेला.

नर्मदा हात पुसत बाहेर आली. तिनंही ते कुंकू ओळखलं. आवाज दाबून ती म्हणाली, "आता त दाखवा नं साहेबाले. कुंकू एकचं, पट्टी दोनची. सगळं दिसून राहिलं."

"पट्टी कोणाच्या हातची, तेबी दिसून राहिलं."

ती खाली बसली. शालिग्रामनं डबा आणला, टाकीतलं पेट्रोल त्यात निथळू दिलं, साखळी उतरवून वेटोळं करून बाजूला ठेवली. सवयीनं त्याचा हात फळीवरच्या तेलाच्या मापाकडं गेला आणि मागं आला. 

"चांगला चालत होता तो," नर्मदा म्हणाली. "कोण्या मेल्यानं घातलं असंल यात कोरडं पेट्रोल?"

"आता ते काहून विचारतेस," शालिग्राम म्हणाला. "कागदावर माझं नाव आहे."