माझ्या हातातला दोर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पटत नाही ना? माझ्यासारख्या बडबड्यानं न सांगितलेलं काही उरतं का? आमच्या बोरी गावात माझ्या कझाकस्तानच्या गोष्टीला अजून गर्दी जमते. मी आणि दिगंबर, शाळेपासूनचे दोस्त, जवळच्या मानवतहून निघालो आणि नेपाळ, तिबेट, चीन मागे टाकत, बस, रेल्वे, मिळेल त्या ट्रकनं तिथल्या गवताळ माळावर पोचलो. घोडीचं आंबट दूध पिताना दिगंबरचं तोंड कसं झालं, ते मी करून दाखवतो. लोक लोळतात.

मग मिठाचं तळं येतं.

पांढरंफेक, कोरडं, आणि उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला पडतात तशा भेगा. आपल्याकडे माणसाला गिळतो तो ओला चिखल. भेगा पडल्या की बैलगाडीसुद्धा जाते. दिगंबर म्हणाला, "भेगा हायत गड्या, जमीन पक्की हाय." गोष्टीत मी इथे थांबतो. "आन् गेला की हो छातीपर्यंत!" मग मी दोर टाकतो, त्याला ओढतो. टाळ्या.

खरं काय झालं?

लांब घोड्यावर एक म्हातारा मेंढपाळ होता. त्यानं तळ्याकडे बोट केलं आणि तळहात गळ्यापाशी आडवा धरला. दिगंबर पाठमोरा होता. मी पाहिलं. मला कळलं — त्याला भाषा कशाला लागते? पण मी भ्यालो, हे कबूल कसं करायचं? आणि म्हातारा उगाच भिववत असला तर? जमीन पक्की आहे का, ते मला दिगंबरच्या पायांनी बघायचं होतं. "हो पुढं," मी म्हणालो, "मी फोटो काढतो."

तो रुतला. मला हाका मारत होता — मलाच. म्हातारा घोडा पिटाळत आला. दोर त्यानं टाकला, ओढलं घोड्यानं. मी काठावरून एक पाऊल हललो नाही. दिगंबर काठाला लागला, तेव्हा कुठे मी दोर धरला. त्यानं डोळ्यांतला चिखल पुसून वर पाहिलं, तर दोर माझ्या हातात.

दर वर्षी त्याची आई पहिल्या कणसाचा गरम हुरडा माझ्या तळहातावर ठेवते. "माझं लेकरू माघारी आणलंस रं बाबा." मी खातो.

काल दिगंबरनं पुन्हा नकाशा पसरला. "या बारीला वाळवंटातून जाऊ. तू मागं असल्यावर मला कशाचं भ्या?"

मी "जाऊ की" म्हणालो. पुढं तोच चालेल.