बिनशिट्टीच्या बाई

फुटबॉल शिकवणाऱ्या माणसाच्या गळ्यात शिट्टी असते, एवढं तरी टीव्ही बघून आम्हाला ठाऊक होतं. आमच्या बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, ऑफिसच्या ओळखपत्राची निळी पट्टी होती, पण शिट्टी नव्हती. पहिल्याच दिवशी मी विचारलं, तर म्हणाल्या, "शिट्टी कायले पायजे? फाउल कोणी केला ते करणारीले माहीत असतेच." आणि त्यांनी त्यांचा नियम सांगितला. जिच्याकडून चूक झाली तिनं आपण होऊन थांबायचं, बॉल उचलायचा आणि समोरच्या पोरीच्या हातात द्यायचा. कोणी पाहिलं असो की नसो. आम्ही वाद घालायला लागलो की बाईंची एकच आरोळी यायची, "देऊन दे बॉल!"

ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. सुरुवातीला आमच्यातली एकही बया बॉल द्यायला तयार नव्हती. एकमेकींच्या वेण्या ओढण्यापर्यंत मजल जायची. बाई मैदानाच्या कडेला पदर खोचून उभ्या, आणि खेळ ठप्प. ओरडणं नाही, समजावणं नाही. उन्हं उतरायची, आता घरी बोलणी बसणार हे दिसायला लागायचं, तेव्हा कोणीतरी जमिनीकडे बघत पुटपुटायची, "माह्या हाताले लागला होता." की खेळ सुरू. पुढे आम्हाला याची इतकी सवय लागली की शाळेत खडू कोणी फेकला असं विचारायच्या आतच आमच्या पोरी उभ्या राहायच्या. वर्गशिक्षिकेला वाटलं, आम्ही तिची टिंगल करतोय.

बाई पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात कारकून होत्या. माहेर कामठीचं. तिथे त्यांचे भाऊ फुटबॉल खेळायचे आणि बाई गोलच्या मागे उभ्या राहून बाहेर गेलेला बॉल आणून द्यायच्या. स्वतः एकही मॅच खेळल्या नाहीत, कोणी खेळूच दिलं नाही. लग्न होऊन वर्ध्याला नालवाडीत आल्या, मुलं मोठी झाली, आणि एक दिवस घरामागच्या लेआउटच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही पोरी डबा-ऐसपैस खेळताना त्यांना दिसलो. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर त्या स्कुटीच्या पायाशी बॉल ठेवून आल्या. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. आम्ही तोंडाला ओढणी लावून हसलो होतो. महिनाभरात त्याच प्लॉटवरची बाभळीची झुडपं आम्ही आमच्याच हातांनी उपटली आणि तळव्यांतले काटे एकमेकींना दाखवत फिरलो.

आम्ही म्हणजे कोण? माझ्यासारख्या भाजीवाल्यांच्या लेकी, आणि सिंदी मेघेतल्या फ्लॅटांमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या पोरी. संध्याकाळी आम्हाला घरी काम असायचं. खेळायला सोडा म्हणून विनंत्या करणाऱ्यांतल्या बाई नव्हत्या. आमच्याकडे आल्या तेव्हा आई दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी पालकाच्या जुड्या बांधत होती. बाई शेजारी मांडी घालून बसल्या आणि जुड्या बांधायला लागल्या. फुटबॉलचं नावही काढलं नाही. ढीग संपला तशा उठल्या, हात झटकले आणि आईला म्हणाल्या, "झालं तुह्या पोरीचं काम. आता नेऊ का तिले?" आईनं मला सोडलं. पुढचा आठवडाभर त्या रोज आल्या. शेवटी आईच लाजली आणि मला म्हणाली, "जाय माय, नाई त त्या बाईचे ऑफिसचे हात माह्या पालकानं हिरवे होतीन."

मैदानावर मात्र दयामाया नव्हती. गुडघा फुटला, रडू आलं, तर बाई सांगायच्या, "रडाचं असन त रड बेटा, पण पळता पळता रड." आम्ही खरंच तशा रडायचो. नाक ओढत, बॉल मारत.

आमच्यात रोशनी सगळ्यांत उजवी. ती मागे, बचावाला खेळायची. तिच्या पायातून बॉल काढून नेणं म्हणजे भांडी घासणाऱ्या तिच्या आईच्या हातून एखादा डाग निसटण्याइतकं अवघड. वडील वारल्यावर ती आणि तिची आई मामांकडे राहायला आल्या होत्या. मामा ऑटो चालवायचे. माणूस कष्टाळू, दोघींना पोटाला कमी पडू दिलं नाही, पण मनात संशय भरलेला. रोशनीला यायला जरा उशीर झाला की ऑटो थेट मैदानाच्या तोंडाशी. ती काहीही सांगो, मामांचा प्रश्न ठरलेला, "खरं बोलून राह्यली का?"

दहावीच्या वर्षी रोशनीची नागपूरच्या एका क्रीडा वसतिगृहात निवड झाली. तिथे राहणं, शिकणं, खेळणं, सगळं फुकट. मामांनी मान हलवली. "पोरगी माह्या डोयासमोर राहीन. तिकडे ती काय करन, कोण पाहाले जाते?" बाई दोनदा जाऊन आल्या. तिथे बांधायला जुड्याही नव्हत्या. मामा नम्रपणे चहा पाजायचे आणि नम्रपणेच नाही म्हणायचे. नागपूर नाही तर मग रोशनीनं आईबरोबर फ्लॅटांत भांडी घासायला जायचं, हे घरात ठरलेलंच होतं.

मग आमचं सगळ्यांचं एकमत झालं की मामांना कप दाखवायचा. जिल्ह्याच्या मुलींच्या स्पर्धेत आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो होतो. चारचौघांत रोशनीच्या हातात कप आला, फोटो निघाला, स्टँडवरच्या ऑटोवाल्यांनी पाठ थोपटली की मामा विरघळणार. बाईंनी स्वतः जाऊन मामांना सामन्याचं आमंत्रण दिलं. मामा आलेही, रोशनीच्या आईला घेऊन. हाताची घडी घालून ते कठड्यापाशी उभे राहिले.

समोर सिंदी रेल्वे गावचा संघ होता, चिवट पोरींचा. सामना संपत आला तरी गोल कोणाचाच नव्हता. तेवढ्यात आमच्या गोलसमोर ही झुंबड झाली. धूळ उडाली, आणि त्या गर्दीतून रोशनी बॉल पायात घेऊन बाहेर आली. समोर मैदान मोकळं होतं. मी पुढून ओरडले, "दे, रोशनी, दे!" आणि ती थांबली. तिनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, तेव्हा मला कळलं. बॉल हाताला लागला होता. रेफ्रींनी पाहिलं नव्हतं, सिंदीच्या पोरींनी पाहिलं नव्हतं, आम्हीही पाहिलं नव्हतं.

रोशनीनं बाईंकडे बघितलं. आणि बाईंनी आमच्याकडे चक्क पाठ केली.

मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. इतक्या मोलाच्या घडीला शिकवणारी बाई मैदानाकडे पाठ करून, हात मागे बांधून उभी. रोशनी वाकली, बॉल उचलला, आणि सिंदीच्या पुढच्या पोरीच्या हातात नेऊन दिला. ती पोरगी बिचारी बावचळली. रेफ्री धावत आले, "अरे, काय करून राह्यली तू?" रोशनी म्हणाली, "हाताले लागला, सर. पहिलेच, गोलसमोर लागला." त्यांना पेनल्टी मिळाली, गोल झाला, आम्ही हरलो. आमच्यातल्या दोघीतिघी रोशनीवर धावून गेल्या. तिची आई डोक्याला हात लावून खाली बसली. मामांनी ऑटो सुरू केला, रोशनी आणि तिची आई मागे बसल्या, आणि ते निघून गेले. बाई तिथेच गवतात बसून आमचे बूट गोळा करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंकडे सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणि वांगी द्यायला गेले, तर दारात मामांचा ऑटो. वाटलं, आता भांडण होणार. मामा खुर्चीच्या टोकावर बसले होते.

"बाई," ते म्हणाले, "काल मी काही खेळ पाहाले नोतो आलो. पोरगी कोणासंग बोलते, कोणाकडे पाहते, ते पाहाले गेलतो. अन् पाह्यलं काय? दाबून टाकलं असतं त कोणाच्या बापाले समजलं नसतं. इतक्या लोकायसमोर, आपल्याच पोरी शिव्या देऊन राह्यल्या, अन् हे पोरगी सांगते का हाताले लागला. मी रोज विचारतो तिले, खरं बोलून राह्यली का. आता कोणत्या तोंडानं विचारू? धाडा तिले नागपूरले."

बाई "चहा आणते" म्हणून आत गेल्या. मी मागोमाग गेले, तर त्या पातेल्यात साखर टाकतच होत्या. किती घातली त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. मामांनी तो पाकासारखा चहा निमूटपणे प्यायला.

रोशनी आज नागपूरला एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मी वर्ध्यातच नर्स झाले. आणि बाईंच्या पाठ फिरवण्याची गोष्ट मी कितीजणांना सांगितली असेल! वॉर्डात, लग्नकार्यात, प्रवासात. पोरीनं आपलं आपण ठरवावं म्हणून बाई वळल्या, त्यांना कपाचा मोह म्हणून कधी शिवलाच नाही, असं मी छाती फुगवून सांगायचे.

मागच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि कामठीला भावांजवळ राहायला निघाल्या. सामान बांधायला मी गेले होते. वर्तमानपत्रात वाट्या गुंडाळता गुंडाळता मी ही गोष्ट त्यांनाच ऐकवली. बाई हसायला लागल्या.

"असं सांगत फिरते काय लोकायले?" मग हातातली वाटी खाली ठेवली. "मले कपच पायजे होता, बेटा. ते पोरगी भांडी घासाले जाईन, हे मले दिसून राह्यलं होतं. माह्या तोंडावर सरळ दिसत असन, नको देऊ बॉल. तिनं ते पाह्यलं असतं त देल्ला नसता. म्हणून फिरली मी."

मी उठून त्यांच्या पाया पडले, आणि खाली बसून उरलेल्या वाट्या गुंडाळायला घेतल्या.