जवान घोडीहून महाग

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार. त्या दिवसापासून देशभरात व्यक्तींनी स्वतःसाठी घेतलेल्या आयुर्विमा आणि आरोग्यविमा पॉलिसींवरचा वस्तू व सेवा कर शून्यावर आला. नांदुऱ्याच्या कय्यूमने ही बातमी मोबाइलवर ऐकली आणि घरात हाक दिली, "ऐकलं काय वं? बेगमचा हप्ता उतरून राह्यला."

बेगम म्हणजे त्याची घोडी. तांबूस-काळी, मागच्या दोन्ही पायांना पांढरे मोजे असलेली, नवरदेवाच्या वरातीची. ती घरचीच असल्यामुळे तिलाही माफी लागू असेल, असे कय्यूम धरून चालला होता. अंगणात तिच्या पाठीवर खरारा फिरवणारी त्याची बायको खुर्शीदा मात्र हात न थांबवता म्हणाली, "सरकारनं घोडीचं नाव घेतलं काय? नाही ना? मंग बसा गुपचूप."

कय्यूम, खुर्शीदा आणि बेगम अशा तिघांचे ते घर. मुलगी आसमा लग्न होऊन जळगाव जामोदला गेली. खुर्शीदा नवऱ्याला अजून 'आसमाचे अब्बा' असेच म्हणते. तिचे माहेर लोणार तालुक्यातले बीबी गाव. तिचे वडील तिथे बैलांचे साज शिवत, त्यामुळे चामडे, वाद्या आणि जनावराचा घाम यांची ओळख तिला लहानपणापासूनची. घरात उर्दू चाले. भांडायचे असले की ती वऱ्हाडीत येई, आणि कय्यूमही वऱ्हाडीतच उत्तर देई.

लोक बेगमला 'कय्यूमची घोडी' म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. अकरा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून तिला आणले कय्यूमने. पण दाणा, मालीश, खूर, आजारपण हे सारे पहिल्यापासून खुर्शीदाकडे. तीन वर्षांपूर्वी कय्यूमचे गुडघे गेले, तेव्हा वरातीत लगाम कोण धरणार हा प्रश्न उभा राहिला. भाड्याने आणलेल्या माणसाला बेगमने पहिल्याच चौकात फरफटत नेले. पुढच्या वरातीत डोक्यावर ओढणी घट्ट बांधून खुर्शीदा स्वतः लगाम धरून चालली. बँडवाल्यांनी आधी एकमेकांकडे पाहिले, मग वाजवायला सुरुवात केली. त्या दिवसापासून बेगमने कुणाला फरफटवल्याचे कुणी सांगत नाही.

याशिवाय खुर्शीदाचे आणखी एक काम होते, त्याची वाच्यता जवळच्या माणसांपलीकडे नव्हती. लग्नसराईच्या तोंडावर ती बेगमच्या पायांवर मेंदीची नक्षी काढी, आणि त्याच बैठकीत डोळ्यांवर व नाकपुड्यांभोवती पांढरे झालेले केस खिजाब लावून काळे करी. कय्यूम गमतीने म्हणे की घरात बेगमा दोन, पण शृंगार एकीचाच. त्यावर तिचे उत्तर ठरलेले असे, "कमावते ती."

या वर्षी अडचण वेगळ्या दिशेने आली. मलकापूरचा रवी, ज्याच्या बँडबरोबर बेगम वर्षानुवर्षे जाते, दसऱ्यानंतर येऊन सांगून गेला की तिथल्या मोठ्या मंगल कार्यालयाने नियम केला आहे. कुठेतरी वरातीत घोडा उधळून माणसे जखमी झाली. आता चालू विम्याचा कागद दाखवल्याशिवाय जनावर फाटकातून आत येणार नाही. "चाची, कागद नसला तर मले दुसरी घोडी पाहा लागंल," रवी म्हणाला. हे बोलताना त्याने बेगमकडे बघणे टाळले.

दुसरे गिऱ्हाईकही टपलेलेच होते. बाजारातला एक दलाल वीटभट्टीवरच्या गाड्यासाठी बेगमला मागून गेला होता. दोन माणसांचे घर वर्षभर चालते ते लग्नसराईवर; सराई गेली तर बेगमला दारात बांधून खाऊ घालणे त्यांना झेपणार नव्हते. विमा झाला नाही तर वीटभट्टी, हे दोघांनाही ठाऊक होते.

बेगमच्या जुन्या पॉलिसीची मुदत संपत आली होती, म्हणून विम्याचा एजंट हर्षल मलकापूरहून मोटरसायकलवर आला. बाजेवर बसून त्याने आधी कय्यूमची समजूत काढली. "चाचा, ते माफीचं माणसाईसाठी हाय. जनावराले नाही." मग त्याने खरी बातमी सांगितली. पॉलिसीत बेगमचे वय पंधरा झाले होते. त्या वयाला हप्ता दुप्पट, भरपाईची रक्कम निम्मी, आणि डॉक्टरांची तपासणी सक्तीची. पुढच्या वर्षी कंपनी नाहीही म्हणू शकते.

"दुप्पट पैसे अन् निम्मं काम," कय्यूम म्हणाला. "हे कोणतं गणित?"

"म्हातारपणाचं," हर्षल हसला. मग आवाज खाली आणून त्याने वाट दाखवली. ही पॉलिसी सोडून द्यायची. दुसऱ्या कंपनीची नवी घ्यायची, त्यात वय दहा लिहायचे. "चाचीनं तोंडाले रंग लावेलच हाय. फोटोत कोणाले काय समजते? ओळखीचा एक डॉक्टर सही करते. सगळेच करतात."

कय्यूमने मान डोलावली. त्याला वीटभट्टी दिसत होती.

खुर्शीदा चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप बाजेवर ठेवला. "हर्षल, तुह्या लग्नाले किती वर्षं झाले बे?"

"नऊ. काऊन?"

"वरात कोणाच्या पाठीवर आली व्हती?"

"बेगमच्या," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच थांबला.

"म्हंजे तवा ती एक वर्षाची व्हती. एवढा गडी तू, शिंगरावर बसून बायको आणली काय? सासऱ्यानं पोरगी देली तरी कशी?"

कय्यूमला हसू आवरेना. हर्षलही हसला, पण कान लाल झाले. "चाची, कागदाची गोष्ट हाय. मी तुमच्या फायद्याचं सांगून राह्यलो."

"सांग मंग. उद्या बेगम मेली तर पैसे कोणाचे भेटतीन? दहा वर्षाच्या घोडीचे. ती तर आपल्या घरी कधी नव्हतीच. मंग माही बेगम कुठं गेली? तिनं ओढलेले साल कोणाच्या नावावर?"

 हर्षलने चहा संपवला, तपासणीसाठी डॉक्टर पुष्पांजलींचे नाव सांगितले आणि गाडीला किक मारली.

 दुसऱ्या दिवशी सकाळी कय्यूम म्हणाला, "खरं सांगशीन अन् त्याईनं नाही म्हटलं, तर?"

"तर मीच सोडून येईन तिले भट्टीवर," खुर्शीदा म्हणाली. "पण तिच्या खऱ्या वयासंगं." आणि दाण्याचे घमेले उचलून ती बेगमकडे गेली.

तपासणीच्या दिवशी तिने पाणी कोमट केले, रिठे कुस्करले आणि बेगमचे तोंड धुवायला घेतले. खिजाब एका धुण्यात जात नाही. डोळ्यांवरचे काही केस तिने कात्रीने उतरवले, बाकीचे चोळून चोळून फिके केले. हळूहळू खाली दडलेला पांढरा रंग वर आला: भुवयांवर, गालफडांवर, ओठांच्या कडेला. बेगम इतकी पांढरी झाली आहे हे खुर्शीदालाही पुरते माहीत नव्हते, कारण पांढरे दिसायच्या आधीच ती ते झाकत आली होती.  मग आतून नवा लाल गोंडा आणून तिने बेगमच्या कपाळावर बांधला.

डॉक्टर पुष्पांजलींनी ओठ वर करून दात पाहिले, दातांचा तिरपेपणा आणि वरच्या कोपऱ्यातल्या दातावरची रेघ पाहिली, छाती ऐकली, घोडीला चालवून घेतले. "पाय उत्तम आहेत. छातीही. कोण करतं हिचं?"

"मीच," खुर्शीदा म्हणाली.

"वय मात्र पंधरा नाही. पुढे आहे."

कय्यूम बाजेवर सरकून बसला. "सारंगखेड्यात यापाऱ्यानं चार सांगेल व्हतं, मॅडम."

"त्याने विकायचे म्हणून सांगितले असेल. सतरा, अठरा, एकोणीस, यातले कोणतेही खरे असू शकते. दातांवरून याहून नेमके मला लिहिता येणार नाही."

"मंग तसंच लिहा," खुर्शीदा म्हणाली.

डॉक्टरांनी तसेच लिहिले. प्रकृती चांगली, वय पंधराहून जास्त, नेमके अज्ञात, स्वार चालेल, पण थोड्या अंतरापुरता आणि सावकाश. कंपनीचे उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत दलाल पुन्हा एकदा येऊन गेला. अखेर हर्षलचा फोन आला. विमा मंजूर झाला होता, एका वर्षासाठी, त्याने सांगितलेल्या दुपटीहूनही चढ्या हप्त्यावर. भरपाईची रक्कम आणखी घटली होती. मात्र वरातीत कुणाला इजा झाल्यास लागू होणारे संरक्षण कायम होते, आणि मंगल कार्यालयाला हवे होते ते हेच.

"चाची, एवढा हप्ता मी कोणत्याच घोडीले पाह्यला नाही," हर्षल म्हणाला.

"कोणत्याच?"

"जिल्ह्यात तरी नाही."

खुर्शीदाने आसमाने दिलेल्या बांगड्या मोडून हप्ता भरला. दुसऱ्याच दिवसापासून गल्लीत, पिठाच्या गिरणीवर, दाण्याच्या दुकानात ती सांगत सुटली की आपल्या बेगमचा विमा जवान घोडीहून महाग आहे. कुणी म्हणाले, मग तोटाच झाला. ती म्हणाली, "उमरीची किंमत असते. कंपनीलेही समजली." कय्यूमने आधी कपाळावर हात मारला, आठवड्याभरात तोही पानटपरीवर तेच सांगू लागला, आणि तेही हर्षलच्या 'जिल्ह्यात'चे 'राज्यात' करून.

तुळशीचे लग्न झाले आणि सराई सुरू झाली. मलकापूरच्या त्या कार्यालयातली पहिली वरात ज्ञानेश्वर नावाच्या मुलाची होती. त्याच्या थोरल्या भावाची वरात बेगमवरूनच निघाली होती, म्हणून घरच्यांनी तीच घोडी मागितली. रवीने पांढरे तोंड पाहिले आणि दबक्या आवाजात विचारले, "चाची, रंग विसरल्या काय?"

"विसरली नाही. उतरवला."

डॉक्टरांनी घातलेल्या अटीप्रमाणे नवरदेव चौकापर्यंत पायी नाचत आला आणि शेवटच्या वळणावर बेगमवर बसला. फाटकावर रखवालदाराने कागद पाहिला, मग घोडीकडे पाहिले. "आजी, घोडी म्हातारी दिसते."

"हाव," खुर्शीदा म्हणाली. "म्हणूनच महाग हाय."

तिने लगाम सैल सोडला. बँडच्या गजरात बेगम मान वर करून फाटकातून आत गेली.

बेगम कोणत्या वर्षी जन्मली, हे माहीत नाही. सारंगखेड्याच्या आधी ती कुणाच्या दारात होती, याची नोंद मिळत नाही. 'चार वर्षांची' म्हणणारा व्यापारी खोटे बोलला की त्यालाही कुणी तसेच सांगितले होते, हे ठरवता येत नाही. जिल्ह्यात तिच्याहून महाग विम्याची घोडी नाही, या विधानाला हर्षलच्या शब्दापलीकडे आधार नाही. आणि पुढच्या वर्षी कंपनी तिचा विमा करील की नाही, हेही अद्याप कुणाला ठाऊक नाही.